‘हो’ विकणाऱ्या याद्या

गेल्या महिन्यात कोल्हापुरात लहान उद्योजकांसाठी एका दिवसाचं प्रशिक्षण होतं. आपल्या धंद्याची वेबसाइट गूगलवर वर कशी आणायची, हा विषय. जेवणानंतरचं सत्र ‘डिरेक्टरी सबमिशन’वर होतं. शिकवणारा तरुण तयारीचा होता, बोलणं स्वच्छ, उदाहरणं नेमकी. चांगली डिरेक्टरी ओळखायच्या तीन खुणा त्यानं पडद्यावर दाखवल्या : ‘डीए’ 30च्या वर हवा, डोमेन पाच वर्षांहून जुनं हवं आणि लिंक ‘डूफॉलो’ हवी. तिन्ही जुळलं की डोळे मिटून नोंद करा. पैसे मागितले तर द्या, कारण ‘अहो, याहूसुद्धा घ्यायचं की.’ आणि समजा डिरेक्टरी फालतू निघाली, तरी बिघडत काही नाही. गूगल हल्ली असल्या लिंकांकडे नुसतं दुर्लक्ष करतं. समोरच्या साठेक जणांनी मोबाइल उंच धरून पडद्याचे फोटो काढले.

मी मागच्या रांगेत होतो आणि गप्प बसलो. सौजन्य हे त्याचं अर्धंच कारण. उरलेलं अर्धं असं, की हीच वाक्यं पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मीही गिऱ्हाइकांना ऐकवली आहेत. फक्त ‘डीए’च्या जागी तेव्हा ‘पीआर’ म्हणायचो. तिथे गिळलेलं उत्तर इथे देतो. त्या तरुणाशी माझं भांडण नाही, या धंद्यात सगळे हेच शिकवतात. भांडण त्या तीन खुणांशी आहे.

आधी माझा गुन्हा सांगतो. 2009 मध्ये इचलकरंजीतल्या एका दुकानाची वेबसाइट मी केली. यंत्रमागाचे सुटे भाग विकणारं दुकान : पिकर, धोटे, डॉबीचे भाग. मालकांना सगळी पेठ अण्णा म्हणते, मीही म्हणतो. वेबसाइट उभी राहिल्यावर मी त्यांना ‘300 डिरेक्टऱ्यांचं पॅकेज’ विकलं. काम अगदी सोपं. डिरेक्टऱ्यांची यादी एक्सेलमध्ये तयार असायची. दुकानाचं वर्णन एकदा लिहायचं, शब्द मागेपुढे करून त्याच्या पाच आवृत्त्या काढायच्या, आणि एका पोराला बसवायचं फॉर्म भरायला. दिवसाला चाळीस-पन्नास फॉर्म तो सहज उरकायचा. बहुतेक डिरेक्टऱ्या एकाच तयार सॉफ्टवेअरवर उभ्या होत्या, ‘पीएचपी लिंक डिरेक्टरी’ नावाच्या. वर्गवारीही एकच, कारण ‘ओपन डिरेक्टरी’ या स्वयंसेवकांनी चालवलेल्या मोठ्या यादीचा साठा कुणालाही फुकट उतरवून घेता यायचा आणि तिथला वर्गांचा सांगाडा जसाच्या तसा उचलला जायचा. वरच्या पट्टीचा रंग तेवढा वेगळा. तीनशे डिरेक्टऱ्या म्हणजे एकाच माणसाच्या अंगावरचे तीनशे सदरे.

महिन्यानं मी अहवाल घेऊन गेलो. मान्य झालेल्या नोंदी हिरव्या रंगात. अण्णांनी चष्मा वर करून तो कागद बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “यातनं कोण फोन करणार हाय का?”

मी म्हणालो, “अण्णा, हे फोनसाठी नाही. हे गूगलसाठी आहे.”

या उत्तराची मला आजही लाज वाटते. डिरेक्टरी म्हणजे माणसाला काहीतरी सापडावं म्हणून केलेली यादी. ती माणसासाठी नाहीच, हे मी इतक्या सहज सांगितलं होतं, आणि ते उत्तर हुशारीचं आहे असं मला वाटत होतं. पुढे कधीतरी मी स्वतः त्या हिरव्या नोंदी उघडून बघितल्या. एका ठिकाणी अण्णांचं दुकान ‘कला : विणकाम’ या वर्गात होतं, लोकरीच्या स्वेटरच्या नमुन्यांखाली. दुसऱ्या ठिकाणी त्यांच्या वर ऑनलाइन जुगार आणि खाली चिठ्ठीशिवाय औषधं विकणारे. नोंद मान्य करणाऱ्यानं ती वाचलीच नव्हती, किंवा मान्य करणारा कुणी नव्हताच.

24 एप्रिल 2012ला गूगलनं ‘पेंग्विन’ नावाचा बदल लागू केला. कृत्रिम लिंका गोळा करून वर चढलेल्या साइट खाली ओढायच्या, हे त्याचं काम. इंग्रजीतल्या साधारण 3.1 टक्के शोधांवर परिणाम होईल असं गूगलनंच सांगितलं होतं. त्यात अण्णा होते. पहिल्या पानावर असलेलं दुकान चार-पाच पानं मागे गेलं. मग मी उलटा फॉर्म भरायला बसलो : ‘कृपया आमची नोंद काढा.’ बऱ्याच पत्रांना उत्तरच आलं नाही. काहींनी उत्तर दिलं की काढतो, पण काढणावळ पडेल. दहा डॉलर, पंधरा डॉलर. नाव घालायलाही पैसे आणि पुसायलाही पैसे, असा धंदा मी अन्यत्र पाहिलेला नाही. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात गूगलनं ‘या लिंका माझ्या धरू नका’ असं कळवायची सोय काढली, तेव्हा कुठे सुटका झाली. अण्णांकडून त्या कामाचे पैसे मी घेतले नाहीत. घेतले असते तर त्यांनी दिले असते, हे जास्त टोचतं.

आता त्या खुणा.

‘डीए’ म्हणजे डोमेन ऑथॉरिटी. मॉझ या अमेरिकी कंपनीनं आपल्या हिशेबानं काढलेला 1 ते 100 मधला आकडा. गूगल तो वापरत नाही, आणि हे मॉझ स्वतःच सांगते. शोधात एखादं डोमेन कितपत वर येईल याचा तो बाहेरून बांधलेला अंदाज आहे, आणि अंदाज म्हणून वाईट नाही. दोन प्रतिस्पर्धी साइट शेजारी ठेवून बघायला मीही वापरतो. पण तो आकडा मोजतो काय? त्या डोमेनकडे बाहेरून किती आणि कसल्या लिंका येतात ते. डिरेक्टरीच्या आत काय आहे, कुणी निवडलं, कशाला नकार दिला, कुठल्या लिंका मेल्या आहेत, यातलं काहीही त्यात येत नाही. हॉटेलाच्या दाराशी किती गाड्या उभ्या आहेत हे मोजून स्वयंपाकघर स्वच्छ आहे असं ठरवण्यातला हा प्रकार. त्यातही गाड्या भाड्यानं आणून उभ्या करता येतात.

यापूर्वी हाच खेळ पेजरँकच्या, म्हणजे त्या ‘पीआर’च्या, हिरव्या पट्टीवर चालायचा. 2000 साली आलेल्या गूगलच्या टूलबारवर कुठल्याही पानाला दहापैकी किती गुण ते दिसायचं. त्या पट्टीभोवती अख्खा बाजार बसला. पीआर 4ची लिंक अमुक डॉलर, पीआर 6ची तमुक. गूगलनं 2016 मध्ये ती पट्टी कायमची काढून टाकली. मोजपट्टी गेल्यावर लोक मोजणं सोडतील असं वाटलं होतं. त्यांनी दुसरी मोजपट्टी आणली.

आणि पेजरँकची मूळ कल्पना ज्यांनी वाचली आहे त्यांना तर हा सौदा हास्यास्पद वाटायला हवा. सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांच्या 1998च्या निबंधात ती मांडलेली आहे. एखाद्या पानाकडे जे काही वजन असेल ते त्या पानावरच्या सगळ्या लिंकांत वाटलं जातं, आणि वाटताना 0.85नं गुणलं जातं, म्हणजे प्रत्येक पायरीवर थोडी गळती. वजन पानाचं असतं, डोमेनचं नव्हे. डिरेक्टरीच्या मुखपृष्ठाकडे लाख लिंका येत असतील. अण्णांची नोंद मात्र मुखपृष्ठापासून पाच पायऱ्या खाली, ज्या पानाकडे बाहेरून एकही लिंक येत नाही अशा पानावर, दोनशे नावांच्या गर्दीत. त्या दोनशेव्या हिश्श्यात काय उरणार? गावच्या धरणात पाणी किती हे सांगून शेवटच्या शेताला पाटकरी जे पटवून देतो, तेच इथे डीए दाखवून पटवलं जातं.

डोमेन जुनं हवं, ही दुसरी खूण. तिच्यावर फार शाई घालवत नाही. ज्या डोमेनची मुदत संपते आणि मालक नूतनीकरण करत नाही, ती लिलावात विकत मिळतात. जुन्या लिंकांसकट मिळतात, म्हणूनच त्यांना किंमत येते. एका ‘दर्जेदार, 14 वर्षं जुन्या’ डिरेक्टरीचा जुना अवतार मी इंटरनेट अर्काइव्हमध्ये उघडून बघितला. तिथे एका शाळेची साइट होती. स्नेहसंमेलनाचे फोटो, दहावीचा निकाल. शाळेनं डोमेन सोडलं, कुणीतरी उचललं आणि त्यावर लिंकांचं दुकान थाटलं. डोमेन खरंच 14 वर्षांचं होतं. डिरेक्टरी 14 महिन्यांचीही नसेल.

तिसरी खूण ‘डूफॉलो’. मुळात या नावाची वस्तूच अस्तित्वात नाही. एचटीएमएलमध्ये ‘नोफॉलो’ असं लिहिता येतं. ‘डूफॉलो’ असं काही लिहायचं नसतं. साध्या लिंकेला हे नाव बाजारानं दिलं, कारण विकायला नाव लागतं. नोफॉलो 2005च्या जानेवारीत आलं. प्रतिक्रियांच्या चौकटीत लोक औषधांच्या जाहिराती चिकटवत होते, त्याला आळा म्हणून गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टची एमएसएन यांनी ते एकत्र स्वीकारलं. ‘ही लिंक माझ्या पानावर आहे, पण मी तिची हमी घेत नाही’ एवढाच त्याचा अर्थ. 2019च्या सप्टेंबरात गूगलनं त्यात भर घातली. पैसे घेऊन दिलेल्या लिंकेला ‘स्पॉन्सर्ड’ म्हणा, वाचकांनी टाकलेल्या लिंकेला ‘यूजीसी’ म्हणा, आणि यापुढे या सगळ्या खुणा आम्ही हुकूम न मानता सूचना मानू.

म्हणजे नियम असा झाला : ज्या डिरेक्टरीनं पैसे घेऊन नोंद केली तिनं त्या लिंकेवर तशी खूण करायला हवी. जी खूण करते ती प्रामाणिक. आणि आपल्या प्रशिक्षणात शिकवतात काय, तर खूण करणारी डिरेक्टरी टाळा, पैसे घेऊन खूण न करणारी निवडा. गाळणी उलटी धरली आहे. चहा मोरीत जातो आणि चोथा कपात.

पैशाचा मुद्दा मात्र थांबून बघण्यासारखा आहे. पैसे घेतले म्हणजे डिरेक्टरी भ्रष्ट, असं मी म्हणत नाही. जेरी यँग आणि डेव्हिड फिलो यांनी स्टॅनफर्डमध्ये 1994 साली सुरू केलेली याहूची डिरेक्टरी पुढे व्यावसायिक साइटकडून वर्षाला 299 डॉलर घ्यायची, हे खरं. ‘याहूसुद्धा घ्यायचं’ हे वाक्य तिथपर्यंत बरोबर आहे. पण ते पैसे होते तपासणीचे. संपादक साइट बघणार, ठरावीक दिवसांत निर्णय देणार. नकार आला तर पैसे परत नाहीत. मान्य झाली तरी वर्ग कुठला, मथळा काय, वर्णनात कुठले शब्द, हे संपादक ठरवणार. गिऱ्हाइकानं पाठवलेली विशेषणं खोडली जायची. पैसे देऊन माणूस संपादकाचा वेळ विकत घ्यायचा, त्याचा ‘हो’ नव्हे.

त्र्यंबकेश्वरला किंवा नाशकात गंगेवर तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान् पिढ्यांच्या नामावळीच्या वह्या असतात. आपण गाव सांगायचं, आडनाव सांगायचं. ते वही काढतात आणि पणजोबा कुठल्या साली आले होते ते वाचून दाखवतात. दक्षिणा तिथेही द्यावी लागते, आणि पुष्कळदा घासाघीसही होते. पण जास्त दक्षिणा दिली म्हणून कुणाचं नाव दुसऱ्याच्या वंशावळीत चढवलं, तर ती वही त्या दिवशी संपली. मग कुणीच, अगदी लाच देणाराही, तिच्याकडे पणजोबा शोधायला जाणार नाही.

म्हणून पैसे घेता का, हा प्रश्न अपुरा आहे. पैसे घेऊन नाही म्हणता का, हे विचारायला हवं. आजच्या बहुतेक सशुल्क डिरेक्टऱ्यांच्या दरपत्रकातच उत्तर असतं : साधी नोंद फुकट पण सहा महिने लागतील, ‘एक्स्प्रेस’ नोंद 24 तासांत, ‘फीचर्ड’ नोंद वर्गाच्या डोक्यावर, पाच लिंकांसह, मथळ्यात तुमच्या आवडीचे शब्द घालून. हे शेवटचं वाक्य ज्या दरपत्रकात असेल ते मी तिथेच मिटतो. नोंदीचा मथळा म्हणजे साइटचं नाव, ही सूचीची पहिली शिस्त. तिथे ‘सर्वांत स्वस्त पॉवरलूम पार्ट्स’ असं लिहायची मुभा दिली, की ती यादी शोधणाऱ्यासाठी उरत नाही, मांडणाऱ्यासाठी होते.

ज्या ओपन डिरेक्टरीचा सांगाडा त्या शेकडो डिरेक्टऱ्यांनी उचलला, तिच्याकडून नेमकी हीच शिस्त कुणी उचलली नाही. रिच स्क्रेंटा आणि बॉब ट्रूएल यांनी 1998च्या जूनमध्ये ती सुरू केली, त्याच वर्षी नेटस्केपनं घेतली, नेटस्केपला एओएलनं घेतलं. नाव पडलं डीमॉझ. काम सगळं स्वयंसेवकांचं. नोंदीला शुल्क नाही. मथळा म्हणजे साइटचं नाव, वर्णनात बढाई नको, एकाच दुकानाच्या दहा साइट असतील तर एकच घ्यायची, संपादकाचे स्वतःचे हितसंबंध असतील तर ते आधी सांगायचे. 2017च्या मार्चमध्ये ती बंद झाली तेव्हा तिच्यात 38 लाखांवर साइट होत्या. गूगलनंही 2000 साली तिचाच साठा घेऊन, त्यावर आपला क्रम चढवून स्वतःची डिरेक्टरी काढली होती; ती 2011 मध्ये आटोपली.

डीमॉझचे दोषही मला ठाऊक आहेत, आणि ते झाकायची गरज नाही. नोंद पाठवली की वर्ष वर्ष उत्तर नाही. काही संपादक आपल्या धंद्याचा वर्ग धरून बसायचे आणि प्रतिस्पर्ध्याला आत येऊ द्यायचे नाहीत, अशा तक्रारी सतत होत्या. 2006च्या ऑक्टोबरात मुख्य सर्व्हर कोसळला तेव्हा दोन महिने संपादकांना काम करता आलं नाही. अण्णांची नोंद मी तिथेही पाठवली होती. तिचं काय झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही. पण कुणीतरी हितसंबंध दाबून ठेवतो अशी तक्रार जिथे करता येते, तिथे निदान हितसंबंध दडवू नये असा नियम असतो. माझ्या त्या तीनशेंबद्दल अशी तक्रार करणं शक्यच नव्हतं. तिथे कुणाला अडवलंच जात नव्हतं.

परस्पर लिंकेबद्दल दोन वाक्यं. ‘तुम्ही आमची लिंक लावा, मग आम्ही तुमची लावू’ असं म्हणणारी डिरेक्टरी शिफारस करत नाही, आहेराची परतफेड करते. आणि ती परतफेड बघायला पुन्हा यंत्रच ठेवलेलं असतं. तुमच्या पानावरून त्यांची लिंक गेली की तुमची नोंद आपोआप गळते, मग तुमचं दुकान कितीही चांगलं असो.

आता तो शेवटचा, सगळ्यांत लाडका युक्तिवाद : बिघडत काही नाही, गूगल दुर्लक्ष करतं. 2016च्या सप्टेंबरपासून पेंग्विन गूगलच्या मुख्य पद्धतीचा भाग झाला आणि वाईट लिंकांसाठी साइट खाली ओढण्याऐवजी त्या लिंकांचं मोल काढून घेण्यावर भर आला, हे बरोबर आहे. पण मग हिशेब नीट मांडू. गूगल त्या लिंका मोजत नसेल, तर गिऱ्हाइकानं पैसे कशाचे दिले? आणि मोजत असेल, तर निम्न दर्जाच्या डिरेक्टऱ्यांतल्या लिंका गूगलच्या स्पॅमविषयक धोरणात नावानिशी नोंदलेल्या आहेत, आणि माणसानं तपासून केलेली कारवाई आजही होते. पहिल्या बाजूला पैसे वाया, दुसऱ्या बाजूला दंड. ‘बिघडत काही नाही’ हे फक्त पॅकेज विकणाऱ्याबाबत खरं आहे. 2008पर्यंत गूगलच्या स्वतःच्या सूचनांत ओपन डिरेक्टरी आणि याहू यांची नावं घेऊन डिरेक्टऱ्यांत नोंद करायचा सल्ला होता. त्या वर्षी तो काढला. आपल्याकडच्या प्रशिक्षणांत तो अजून निघालेला नाही.

इथे दुसऱ्या टोकाचा एक वाचक मान डोलावत असेल : बरोबर, डिरेक्टऱ्या म्हणजे सगळा कचरा, शोधयंत्र असताना यादी हवी कशाला? त्याच्याशीही माझं जमत नाही. शोधयंत्र विचारलेल्याचं उत्तर देतं. काय विचारायचं हेच ज्याला माहीत नाही, त्याला यादी लागते. मराठीत 1800 ते 1937 या काळात काय काय छापलं गेलं, हे आज आपण सांगू शकतो ते शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’मुळे, पुढच्या खंडात त्यांनी ते काम 1950पर्यंत आणलं. ती सूची नुसती चाळतानाही आपल्या भाषेत पाकशास्त्रापासून पशुवैद्यकापर्यंत कुणी कुणी काय लिहिलं ते समोर येतं, आणि ज्या पुस्तकाचं नावच ऐकलेलं नाही त्याच्याकडे हात जातो. त्यांच्यापुढे पुस्तकांचे ढीग होते, आपल्यापुढे पानांचे. ढिगातून वाट काढून देणारा माणूस आता नको, असं म्हणणाऱ्यानं एकदा एखाद्या औषधाचं किंवा कर्जाचं नाव शोधून वरची दहा पानं वाचावीत.

नेमक्या याच भुकेवर आता नवी लाट आलीय. गेल्या दोन-तीन वर्षांत एआयची साधनं इतकी निघाली, की त्यांच्या डिरेक्टऱ्यांचं पीक आलं. आणि पाठोपाठ ‘शंभर एआय डिरेक्टऱ्यांत नोंद करून देतो’ म्हणणारेही आले. जाहिरात वाचताना मला माझंच 2009चं पत्रक वाचल्यासारखं वाटलं. डीए अमुक, डूफॉलो, 24 तासांत. एक्सेलच्या जागी गूगल शीट, आणि फॉर्म भरणाऱ्या पोराच्या जागीही एआय.

मग बघायचं कसं? आकडा न बघता मी आता असं करतो. ज्या विषयातलं मला कळतं, तो वर्ग उघडतो. यंत्रमागाचा असेल तर उत्तम. दहा नोंदी वाचतो. दहांचीही वर्णनं एकाच हाताची, कोरडी, नेमकी असतील, तर तिथे संपादक आहे. दहा जणांनी आपापल्या आरत्या लिहिल्या असतील, तर नाही. मग त्या दहाही लिंका दाबतो. तीन मेल्या असतील तर समजायचं, गेली काही वर्षं इथे कुणी झाडू मारलेला नाही. लिंक थेट साइटवर जाते की मध्ये कुठल्या स्क्रिप्टमधून वळसा घेते, तेही कळतं. वळशाला माझी हरकत नाही, पण वळसा ठेवून ‘थेट लिंक’ म्हणून पैसे घेतले असतील तर आहे. शेवटी नोंदीचे नियम वाचतो आणि त्यात काय घेणार नाही हे कुठे लिहिलंय ते शोधतो. निव्वळ ‘अश्लील व बेकायदा साइट घेत नाही’ एवढंच असेल तर ते लिहिलं नाही तरी चालतं. ‘ज्यांच्याकडे स्वतःचा माल नाही ते घेत नाही’, ‘जिल्ह्याबाहेरचे घेत नाही’ असं काही दिसलं की थोडा विश्वास बसतो.

याला अर्धा तास लागतो, तीनशेंना दीडशे तास. म्हणूनच तीनशेंत नोंद करायची नसते. अण्णांच्या धंद्याला पुरतील अशा मला तीन सापडल्या.

त्या तिन्हींतली सर्वांत उपयोगी यादी सांगतो. यंत्रमागाच्या सुट्या भागांचा धंदा करणाऱ्यांच्या एका स्थानिक संघटनेच्या साइटवर एक पान आहे. ऐंशीच्या आसपास नावं, दुकानाचं नाव, कुठले भाग मिळतात, पत्ता, फोन, असली तर वेबसाइट. रंग नाही, चित्र नाही. डीए काढून बघितला होता, एक आकडी आला. लिंका सगळ्या नोफॉलो. ज्यानं पान बांधून दिलं त्यानं सरसकट लावून टाकलं असणार. प्रशिक्षणातल्या तीनपैकी दोन खुणांवर हे पान नापास. अण्णांना मालेगाव, भिवंडी, सोलापुरातून ज्यांचे फोन येतात, त्यांतले बरेचसे नंबर कुठून मिळाला विचारलं की याच पानाचं नाव घेतात.

ते पान संघटनेचे कारकून सांभाळतात. निवृत्तीला आलेले गृहस्थ, संगणकावर दोन बोटांनी टाइप करतात. दर वर्षी दिवाळीनंतर ऐंशीच्या ऐंशी दुकानांना फोन करतात : नंबर तोच हाय का, दुकान चालू हाय का, डॉबीचे भाग अजून ठेवता का. दोन फोन उचलले नाहीत तर सायकल काढून जाऊन बघतात. करोनानंतर त्यांनी अकरा नावं काढली. त्यांत अण्णांच्या चुलत भावाचं दुकान होतं. भावानं अण्णांकडून शब्द टाकून बघितला, की नाव राहू दे, पुन्हा सुरू करीन. कारकून म्हणाले, सुरू करा, त्या दिवशी घालतो.

मागच्या वर्षी मी त्यांच्याकडे गेलो होतो. म्हटलं, एवढी वर्षं या धंद्यातल्या लोकांच्या वेबसाइट करतोय, यादीच्या तळाशी आमच्या फर्मचंही नाव घाला. हवं तर वर्गणी भरतो. त्यांनी चहा मागवला. मी काय काय करतो ते नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, “तुम्ही पिकर इकता?”

नाही म्हटलं.

“धोटं?”

नाही.

“मग कसं घालू?” असं म्हणून त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला.